माळ, माळढोक आणि आमचें अरण्यवेड

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शहरांतील एका सभागृहांत ब्राझील देशाच्या प्राणिसृष्टीवर एक सचित्र व्याख्यान झालें. व्याख्याते विद्वान् होते आणि चित्रें अप्रतिम होतीं. अमेझॉनच्या गर्द झाडींत दबा धरून बसलेला जग्वार, पाण्यांत वेटोळें घालून पडलेला ॲनाकोंडा, तळहाताएवढें निळें फुलपांखरूं, चोंचीपुढें सारें अंग लहान वाटावें असा टूकन पक्षी, शेवाळानें हिरवा पडलेला आळशी स्लॉथ, असे एकाहून एक नवलाचे जीव पडद्यावर येत होते, आणि प्रत्येक वेळीं सभागृहांतून एकच आश्चर्योद्गार उठत होता. शेवटीं आभार मानण्यासाठीं एक वजनदार गृहस्थ उभे राहिले. परमेश्वरानें त्या देशाला भरभरून दिलें, आमच्या या रुक्ष जिल्ह्याला मात्र दगड, धोंडे आणि ऊन यांवांचून कांहीं दिलें नाहीं, असें ते म्हणाले. आणि श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या. टाळ्या वाजविणारांत आम्हीही होतों, हें प्रारंभींच कबूल केलेलें बरें. घरीं परततांना मात्र मनाला टोंचणी लागली. ज्या सभागृहांत आम्हीं हें रुक्षपणाचें रडगाणें ऐकलें, तेथून बार्शीच्या रस्त्यानें वीस-बावीस किलोमीटर गेलें म्हणजे नान्नज लागतें. आणि नान्नजच्या माळानें एकेकाळीं जें वैभव अंगावर वागविलें, तें पाहण्यासाठीं ब्राझीलचे पक्षिशास्त्रज्ञदेखील समुद्र ओलांडून आनंदानें आले असते.

प्रश्न केवळ स्थानिक अभिमानाचा असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. आमचें म्हणणें असें आहे कीं, वन्यसृष्टि म्हणजे घनदाट झाडी, आणि जेथें झाडी नाहीं तेथें कांहींच नाहीं, ही जी समजूत आम्हां सुशिक्षितांच्या डोक्यांत घट्ट बसली आहे, तिनें माळावरच्या जीवांची जेवढी हानि केली आहे तेवढी शिकाऱ्यांच्या बंदुकांनीं देखील केली नसेल. ही समजूत चुकीची आहे, आणि गंमत अशी कीं, ती खुद्द ब्राझीलच्या बाबतींतही चुकीची आहे.

व्याख्यात्यांनीं दाखविलें तें सारें खरें होतें. पण त्यांनीं जें दाखविलें नाहीं त्याचा विचार करूं. त्या देशाच्या मध्यभागीं सुमारें वीस लाख चौरस किलोमीटरांचा 'सेराडो' नांवाचा प्रदेश पसरला आहे. तेथें दृष्टि पोहोंचेल तोंवर गवत, मधून मधून जाड सालीचीं, वाकडींतिकडीं, खुजीं झाडें, ठिकठिकाणीं वारुळें, वर्षाचे कित्येक महिने पावसाचा थेंब नाहीं आणि अधूनमधून वणवा. आमचे आभारकर्ते गृहस्थ तेथें गेले असते तर त्यांनीं त्यालाही रुक्षच म्हटलें असतें. पण याच प्रदेशांत गवतावरून पलीकडे पाहतां यावें म्हणून जणुं पाय लांबविलेला काळ्या आयाळीचा लांडगा राहतो. हातभर लांब जिभेनें वारुळें धुंडाळणारा प्रचंड मुंगीखाऊ राहतो. शहामृगासारखा धांवणारा रिया राहतो. वनस्पतींच्या दहा हजारांहून अधिक जाती येथें मोजल्या गेल्या आहेत. ब्राझीलच्या मोठमोठ्या नद्या येथूनच उगम पावतात. आणि या प्रदेशाची मूळ वनश्री आज जवळजवळ निम्मी नष्ट झाली आहे. नांगराखालीं सोयाबीन आलें, कुंपणांत गुरें आलीं. जगानें हळहळ केली ती अमेझॉनसाठीं. १९८८ सालच्या ब्राझीलच्या राज्यघटनेंतील २२५ वें कलम अमेझॉनचें अरण्य, अटलांटिक किनाऱ्याचें अरण्य, पांतानालचा पाणथळ प्रदेश, इत्यादिकांना नांवें घेऊन राष्ट्रीय वारसा म्हणतें. त्या यादींत सेराडोचें नांव नाहीं. २०१२ च्या वनकायद्याप्रमाणें अमेझॉनच्या अरण्यांतील जमीनमालकानें आपल्या जमिनीचा शेंकडा ८० भाग राखावयाचा, तर सेराडोच्या बहुतेक भागांत शेंकडा २० राखला कीं पुरे. सोयाबीनच्या व्यापाऱ्यांनीं २००६ सालीं अरण्य तोडून पिकविलेला माल न घेण्याचा करार केला, तोही अमेझॉनपुरताच. म्हणजे झाडाला जो न्याय, तो गवताला नाहीं. पोर्तुगीज बोलणारे असोत कीं मराठी बोलणारे, शहाण्या लोकांचें हें वेड सारखेंच आहे.

आमच्यापुरतें तरी हें वेड परंपरागत नव्हे. आज ज्याला आपण 'जंगल' म्हणतों तो शब्द 'जांगल' या संस्कृत शब्दापासून आला. आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत जांगल देश म्हणजे दाट झाडीचा देश नव्हे, तर त्याच्या अगदीं उलट. पाणी थोडें, आकाश मोकळें, झाडें विरळ व कांटेरी, वारा कोरडा, असा जो उघडा प्रदेश, तो जांगल. दलदलीचा व गर्द झाडीचा तो आनूप. चरकाच्या मतें या दोहोंत आरोग्याला हितकर कोणता, तर जांगल. सोलापूर जिल्हा हा त्या व्याख्येचा चालताबोलता नमुना होय. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत यज्ञाला योग्य भूमि कोणती, हें सांगतांना नदीची किंवा वनाची खूण दिलेली नाहीं. जेथें कृष्णसार मृग आपखुशीनें हिंडतो ती भूमि यज्ञीय, असें म्हटलें आहे. कृष्णसार म्हणजे आपला काळवीट. आणि काळवीट हें मोकळ्या गवताचें जनावर आहे, झाडींत तें टिकत नाहीं. मनूच्या इतर मतांशीं आमचें सख्य नाहीं, हें येथें सांगून टाकतों; पण एवढी खूण लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें कधीं तरी शब्दाचा अर्थच उलटला. जांगलाचें जंगल झालें, जंगलाचा अर्थ झाडी झाला, आणि खरा जांगल देश निनांवी राहिला.

निनांवी तरी कसला? त्याला नांव मिळालें, तें महसूल खात्याकडून. इंग्रजी अमदानींत जमिनीची मोजणी होऊन सारा ठरविण्यांत आला, तेव्हां जी जमीन तिजोरींत कांहीं भर घालीत नव्हती ती 'पडीक' ठरली, 'पोटखराबा' ठरली. कारकुनाच्या वहींतला हा शेरा होता, सृष्टिशास्त्राचा सिद्धान्त नव्हे. इंग्रज गेला, सारा नांवापुरता उरला, पण शेरा मात्र सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कायम राहिला. स्वराज्यांतलें केंद्र सरकार 'वेस्टलँड ॲटलस' या नांवानें पडीक जमिनींचे नकाशे प्रसिद्ध करीत आलें आहे, आणि त्यांत झुडपी जमिनी व खालावलेलीं चराऊ कुरणें यांची गणना पडिकांतच होते. एकदां पडीक म्हटलें कीं मग त्या जमिनीवर कोणींही कांहींही करावें. कारखाना काढा, खाण काढा, तारा ओढा, झाडें लावा. हरकत घेणार कोण? पडलेल्या वस्तूला धनी नसतो.

आतां या पडीक जमिनीवर काय होतें, तें पाहूं. मुरमाड जमीन, पाऊस वर्षाकांठीं साडेपांचशें मिलिमीटरांच्या आसपास. मारवेल, पवन्या, कुसळी हें तिचें गवत. या गवतांत टोळ, नाकतोडे, भुंगेरे, सरडे. त्यांवर उपजीविका करणारे चंडोल, धाविक, पाखुर्ड्या. हिंवाळ्यांत मध्य आशियांतून उतरणारे आणि गवतावरून जेमतेम हातभर उंचीनें तरंगत जाणारे भोवत्या ससाणे. खोकड, लांडगा, काळवीट. आणि या सर्वांचा राजा माळढोक. नर मीटरभर उंच आणि वजनानें पंधरा किलोपर्यंत. उडूं शकणाऱ्या पक्ष्यांत एवढे भारदस्त पक्षी जगांत मोजकेच. डोक्यावर काळी टोपी, मान पांढुरकी, छातीवर काळी पट्टी. विणीच्या दिवसांत नर उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवितो, ती पायांपर्यंत लोंबते, आणि त्याचा खोल घुमारा माळावर दूरवर ऐकूं जातो. मादी घरटें बांधीत नाहीं. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते, जवळजवळ चार आठवडे उबविते, आणि पिलाला पुढें कित्येक महिने बरोबर वागविते. या पक्ष्याची सारी भिस्त दृष्टीवर. चहूंकडे क्षितिज मोकळें दिसलें पाहिजे. मग कुत्रा असो, लांडगा असो कीं माणूस असो, त्याला तो लांबूनच हेरतो. झाडी हें त्याच्या दृष्टीनें संकट होय. आमचे पूर्वीचे शेतकरी त्याला अनुकूल होते, तेही याच कारणानें. रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा हीं कोरडवाहू पिकें म्हणजे माळाचाच पुढचा भाग; माळढोक शेतांत उतरे, किडे टिपी, चार दाणे खाई, आणि कोणाचें कांहीं बिघडत नसे.

रॉबर्ट मॅन्सफील्ड नांवाच्या एका गोऱ्या शिकाऱ्यानें १८०९ ते १८२९ या काळांत तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या परिसरांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाच्या बंदुकीचा हा हिशेब. आणि २०१८ च्या सुमाराच्या अंदाजाप्रमाणें साऱ्या हिंदुस्थानांत मिळून माळढोक उरले दीडशेंच्या आसपास, तेही बहुतेक राजस्थानांत, जेसलमेरच्या बाजूला. स्वतंत्र भारताचा राष्ट्रीय पक्षी निवडावयाचा होता तेव्हां डॉ. सलीम अली यांनीं माळढोकाचा पुरस्कार केला होता. १९६३ सालीं मान मिळाला तो मोराला. मोराशीं आमचें वैर नाहीं. पण मोराला त्या मानाची गरज नव्हती. ज्याला होती त्याला तो मिळाला असता तर शाळेंतल्या पोरांना निदान त्याचें नांव तरी ठाऊक झालें असतें.

नान्नजचा इतिहास थोडक्यांत असा. १९७२ सालीं सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनीं येथील माळढोकाकडे लक्ष वेधलें. त्याच वर्षीं वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला. १९७९ मध्यें अभयारण्य स्थापन झालें. पुढील दशकांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनीं येथें तळ देऊन या पक्ष्याचा अभ्यास केला. या ठिकाणीं एका शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. ज्या भूमीचा सारा गुण तिच्यावर झाडें नाहींत यांत, तिला अभय द्यावयाचें तर आधीं तिला 'अरण्य' म्हणावें लागलें! मराठींत माळाला अभय देणारा शब्दच नाहीं. आणि ज्याला शब्द नाहीं त्याला खातें नाहीं. तें वनखात्याच्या स्वाधीन झालें, आणि वनखात्याचा जन्मजात धर्म झाडें लावण्याचा.

१९८५ सालीं या अभयारण्याची मर्यादा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर करण्यांत आली. शेंकडों गांवें, उंसाचे मळे, रस्ते, बाजार, सारें त्यांत आलें. ही उदारता नव्हती, ही बेफिकिरी होती. ज्याच्या शिवारांत बापजन्मीं माळढोक उतरला नाहीं अशा शेतकऱ्याला जमीन विकतांना, कारखाना काढतांना, रस्ता करतांना माळढोकाचें नांव ऐकावें लागूं लागलें, आणि ज्या पक्ष्याविषयीं कोणाच्या मनांत कधीं अढी नव्हती तो शिवी झाला. पुढें ही मर्यादा सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणली गेली, तें योग्यच झालें. पण तोंवर मनें कलुषित होऊन गेलीं होतीं. शेतकऱ्याला दोष देण्यास आम्ही तयार नाहीं. १९८० सालीं उजनीचें धरण झालें, पाणी आलें, ऊंस आला. आज साखर कारखान्यांच्या बाबतींत हा जिल्हा राज्यांत अग्रेसर गणला जातो. दुष्काळानें पिढ्यान् पिढ्या गांजलेल्या माणसानें पाणी घेऊं नये काय? त्यानें ऊंस लावला, पुरुषभर उंचीच्या उंसांतून माळढोक हद्दपार झाला. हें दुःखद आहे, परंतु समजण्यासारखें आहे. जें समजण्यासारखें नाहीं, तें शहाण्यांनीं माळावर काय केलें, तें.

शहाण्यांनीं तेथें झाडें लावलीं. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं ४ कोटि, २०१८ सालीं १३ कोटि आणि २०१९ सालीं ३३ कोटि झाडें लावण्याचा संकल्प सोडला. एवढीं झाडें लावावयाचीं कोठें? शेतकरी आपल्या शेतांत लावूं देणार नाहीं, शहरांत जागा नाहीं. उरला पडीक माळ. संकल्पापूर्वींचींही कित्येक वर्षें तोच क्रम होता. सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प, जें लौकर वाढेल तें, रांगांनीं गवतांत उभें करावयाचें. जीं झाडें मेलीं त्यांचे खड्डे राहिले. जीं जगलीं त्यांच्यावर कावळे बसून जमिनीवरचीं अंडीं हेरूं लागले, त्यांच्या आडोशाला भटकीं कुत्रीं आलीं, आणि त्यांच्या सावलींत गवत खुरटलें. हें काम दुष्ट लोकांनीं केलें असतें तर बरें होतें. दुष्टाला आवरतां येतें. हें काम शाळामास्तरांनीं, महाविद्यालयांनीं, देशभक्त मंडळांनीं, फोटो काढीत, गाणीं म्हणत केलें. आम्ही स्वतः एका पावसाळ्यांत विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन अशाच एका माळावर गेलों होतों आणि दुपारपर्यंत तीनशें रोपें लावून परतलों होतों. वाटेंत एका मेंढपाळानें विचारलें, "सर, हितं झाडं लावल्यावर आमची मेंढरं कुठं चारायची?" त्याला आम्हीं पर्यावरणावर पांच मिनिटें व्याख्यान दिलें. त्या व्याख्यानाची आठवण झाली कीं आज कानशिलें तापतात. धनगराला ठाऊक होतें, आम्हांला ठाऊक नव्हतें. माफक चराई झाली तर गवत आंखूड राहतें आणि माळढोकाला तेंच हवें असतें. कुंपण घालून चराई पार बंद केली तर गवत माजतें, आणि मुळींच धरबंध नसला तर माळ उजाड होतो. हें तारतम्य पुस्तकांतून शिकण्यापूर्वीं मेंढरांमागें चालणाऱ्यांनीं जाणलें होतें. लांडगा मेंढरूं नेतो हें धनगराला आवडतें असें नव्हे. पण लांडगा आहे म्हणून माळ सोडून द्यावा, असें त्याला कधीं वाटलें नाहीं.

यावर तीन आक्षेप आम्हांला ऐकविण्यांत येतात. पहिला, झाड लावणें वाईट कसें असेल? झाड लावणें वाईट नाहीं. गवताच्या जागीं लावणें वाईट. भाताच्या खाचरांत आंबा लावला तर कोणी टाळ्या वाजवीत नाहीं. दुसरा, वाढती विजेची गरज. माळ मोकळा दिसला कीं त्यावर उच्च दाबाच्या तारा जातात. आणि माळढोकाला बाजूंचें चांगलें दिसत असलें तरी समोरचें नीट दिसत नाहीं, अंग जड असल्यामुळें ऐन वेळीं वळतां येत नाहीं, तो तारांवर आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं राजस्थान व गुजराथमधील माळढोकाच्या प्रदेशांत तारा जमिनीखालून नेण्याचा हुकूम दिला होता. २०२४ सालीं सूर्यशक्तीच्या वाढीची निकड लक्षांत घेऊन तो बदलला आणि तज्ज्ञांची समिति नेमली. सूर्यापासून वीज घ्यावी, हें आम्हांलाही मान्य आहे. परंतु ती घेण्यासाठीं जागा शोधतांना प्रत्येक वेळीं 'पडीक' याच सदराखालीं कां शोधली जाते, एवढेंच आम्हीं विचारतों.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा. आतां उरलें काय? नान्नजला जाऊन माळढोक दिसत नाहीं; कित्येक वर्षें एखाददुसऱ्या पक्ष्याच्या बातमीवर समाधान मानावें लागलें आहे. जेसलमेरकडे २०१९ पासून बंदिवासांत प्रजोत्पादनाचा प्रयोग चालू आहे, २०२४ सालीं कृत्रिम रेतनानेंही पिलूं जन्मलें. पक्षी तेथें वांचेल, मग आमच्या माळाचें काय अडलें? याला उत्तर असें कीं, पिंजऱ्यांत वाढलेल्या पक्ष्याला एक दिवस सोडावयाचें तर सोडणार कोठें? सुबाभळीच्या रांगांत? आणि माळढोक गेला म्हणून माळ संपला, असें कोणीं सांगितलें? काळवीट येथें अजून कळपांनीं आहेत. इतके कीं पिकें खातात म्हणून शेतकरी रागावतो, आणि त्याला वेळेवर भरपाई मिळाली पाहिजे. लांडगा आहे, खोकड आहे, चंडोल पहांटे आकाशांत चढून गातो. शेजारच्या कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें १९८० सालीं काळविटांसाठीं छोटेंसें अभयारण्य झालें तें टिकलें. हें सारें आहे तोंवर 'उरलें काय' म्हणणारानें आधीं एकदां पहांटे उठून जावें.

शेवटचा शब्द आमच्या बिरादरीविषयीं. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितों. टॉमस हार्डीच्या कादंबरींतील एग्डन हीथ हा उजाड माळ म्हणजे कथेंतलें एक पात्रच आहे, हें आम्हीं तीस वर्षें विद्यार्थ्यांना सांगत आलों. त्यांनीं तें उत्तरपत्रिकांतून आम्हांला परत सांगितलें. आणि त्यांतल्या एकालाही शहराबाहेरचा माळ पाहून त्या कादंबरीची आठवण झाली नाहीं, कारण आम्हांलाच ती झाली नव्हती. मराठी लेखकांनीं माळाकडे अगदींच पाठ फिरविली असें म्हणणें अन्यायाचें होईल. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'नें १९५५ सालीं माणदेशचा माळ मराठी वाचकाच्या घरांत आणला. मारुती चितमपल्ली तर सोलापूरचेच. २००६ सालीं येथेंच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि १८ जून २०२५ रोजीं त्यांचें निधनही येथेंच झालें. पक्ष्यांचीं, झाडांचीं, रानांतल्या गोष्टींचीं हजारों नांवें त्यांनीं मराठीला दिलीं. पण नोकरीच्या ओघानें त्यांच्या लेखनाचें मोठें दालन विदर्भाच्या अरण्यांनीं व्यापलें, आणि त्यांचें बोट धरून आम्ही वाचकही अरण्यांतच शिरलों. ज्या मुलखांत ते जन्मले त्याच्या गवताकडे वळून पाहिलें नाहीं. संमेलनांत त्यांच्या भाषणाला आम्हीं टाळ्या वाजविल्या. त्याही टाळ्याच.

व्याख्यानानंतरच्या आठवड्यांत आम्हीं दोन पत्रें लिहिलीं. पहिलें व्याख्यात्यांना; त्यांनीं सौजन्यानें उत्तर दिलें कीं, सेराडोचीं चित्रें त्यांच्यापाशीं होतीं, परंतु श्रोत्यांना रुचणार नाहींत म्हणून वगळलीं. दुसरें पत्र आमच्याच महाविद्यालयाच्या चालकांना: यंदाचें वृक्षारोपण गांवाच्या रस्त्यालगत, शाळांच्या आवारांत, ओढ्याकांठीं, कोठेंही करावें, ठरविलेल्या माळावर करूं नये. त्यांचें उत्तर काल आलें. सूचना विचारार्ह आहे, पुढील वर्षीं अवश्य विचार करूं. यंदाचे खड्डे खणून झाले आहेत.